स्टिअरिंगआधी ब्रेक बघा: घरच्या रेसिंग सिम्युलेटरची खरेदी

घरी रेसिंग सिम्युलेटर उभारायचा ठरला की पहिली चौकशी व्हीलची होते. दुसरी ग्राफिक्स कार्डची. पेडल डब्यातून येतील ती चालतील आणि बसायला ऑफिसची खुर्ची आहेच, असं गृहीत धरलं जातं. पैसे वाया जातात ते याच क्रमामुळे. फेरीची वेळ कमी होते ती मुख्यतः ब्रेकमुळे, आणि ब्रेक नीट दाबता येतो तो खुर्ची आणि पेडल जागची हलत नसली तरच. म्हणून आधी ब्रेक आणि बैठक, मग व्हील, मग पडदा आणि शेवटी त्या पडद्याला पुरेल एवढा कॉम्प्युटर, या क्रमाने खर्च ठरवावा.

त्याआधी एक गोष्ट पक्की करा: कॉम्प्युटर की कन्सोल? कॉम्प्युटरवर जवळजवळ प्रत्येक व्हील चालतं. कन्सोलवर तसं नाही. लॉजिटेकचं जी२९ प्लेस्टेशनवर चालतं, एक्सबॉक्सवर नाही. दिसायला जवळपास तसंच असलेलं जी९२० एक्सबॉक्सवर चालतं, प्लेस्टेशनवर नाही. मोझा कंपनीचं आर५ हे व्हील कॉम्प्युटरसाठी उत्तम आहे, पण प्लेस्टेशनला जोडून ग्रॅन टुरिस्मो खेळायचा विचार असेल तर ते उपयोगाचं नाही. डब्यावर तुमच्या कन्सोलचं चिन्ह नसेल तर विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

ब्रेक: पायाला अंतर नाही, जोर आठवतो

इटलीतल्या मोंझा ट्रॅकचा पहिला शिकेन, म्हणजे वेग तोडणारी लागोपाठची उलटसुलट वळणं, डोळ्यांसमोर आणा. जीटी३ वर्गातली शर्यतीची गाडी ताशी २५० किलोमीटरच्या पुढे आहे. ब्रेक एकदम जोरात दाबायचा आणि वेग उतरेल तसा पाय हळूहळू सैल करत गाडी वळणात न्यायची. या तीन-चार सेकंदांत पाय थोडा जास्त पडला तर पुढची चाकं लॉक होतात किंवा एबीएस मधे पडून ब्रेकचा जोर कमी करतं; कमी पडला तर वळण हुकतं. आणि हे प्रत्येक फेरीला अगदी तसंच जमायला हवं.

स्वस्त पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. पेडल किती खाली गेलं, म्हणजे किती अंतर सरकलं, तेवढंच तो मोजतो. काही पेडलांत त्याऐवजी चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर असतो. त्यात घासणारा भाग नसल्यामुळे तो झिजत नाही, पण मोजतो तो अंतरच. खऱ्या गाडीचा ब्रेक याच्या उलट असतो. पेडल थोडंसं जातं आणि मग घट्ट होतं. त्यापुढे गाडी किती थांबणार हे तुम्ही किती जोर लावता यावर ठरतं. आपल्या पायालाही जोर लक्षात राहतो. पेडल नेमकं अडीच सेंटिमीटर खाली न्या म्हटलं तर दहा वेळा दहा ठिकाणी जाईल. मघाएवढाच जोर लावा म्हटलं तर बराच जवळ येईल.

हा जोर मोजणारा भाग म्हणजे लोड सेल. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात तोच असतो. धातूची एक जाड पट्टी, तिच्यावर चिकटवलेले स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणारे सेन्सर. भार पडला की पट्टी डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकते आणि त्यावरून वजन कळतं. पेडलमध्ये पट्टीच्या पुढे रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे ठोकळे असतात. ते बदलून ब्रेक मऊ किंवा कडक करता येतो.

म्हणून एकाच वस्तूवर जास्त खर्च करता येणार असेल तर तो लोड सेलच्या ब्रेकवर करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. साधं व्हील आणि चांगला ब्रेक ही जोडी महागडं व्हील आणि साधा ब्रेक या जोडीपेक्षा वेगवान ठरते. संच घेताना हे तपासून घ्या, कारण डायरेक्ट ड्राइव्ह व्हीलच्या (रिम थेट मोटरवर बसलेलं व्हील) सुरुवातीच्या संचांत येणारी पेडल बहुधा लोड सेलची नसतात. मोझा आर५ च्या संचातली नाहीत. फॅनाटेक कंपनीच्या सीएसएल पेडलना लोड सेल वेगळा घेऊन जोडता येतो. थ्रस्टमास्टरचा टी-एलसीएम हा तीन पेडलचा संच त्या कंपनीच्या व्हीलला किंवा थेट यूएसबीने कॉम्प्युटरला जोडता येतो.

सॉफ्टवेअरमध्ये कमाल जोर सुरुवातीला २५ ते ३० किलोवर ठेवा. पहिल्याच दिवशी ६०-७० किलो लावलं तर पोटरी वीस मिनिटांत थकते आणि थकलेल्या पायाला कसलाच अंदाज राहत नाही. जी२९ वापरणाऱ्यांची अडचण वेगळी असते. त्याच्या ब्रेकमध्ये आत कडक रबर आहे, त्यामुळे अनेकांना १०० टक्के गाठताच येत नाही आणि गाडी थांबत नाही म्हणून ते गेमला दोष देतात. गेमच्या कॅलिब्रेशनमध्ये (पेडलची मापं जुळवण्याच्या पानावर) तुम्हाला सहज आणि पुन्हा पुन्हा जमेल तिथेच १०० टक्के नेमून द्या.

बैठक: फरशीवर पेडल पळतात

लॉजिटेकच्या पेडलखाली गालिच्यात रुतणारी दातेरी पट्टी असते. आपल्याकडे बहुतेक घरांत गुळगुळीत फरशी. तिथे जोरात ब्रेक मारला की पेडल पुढे सरकतात आणि चाकांची खुर्ची मागे. पेडल भिंतीला टेकवली तर अर्धा प्रश्न सुटतो. खुर्ची मागे जायची ती जातेच.

सर्वांत कमी खर्चाचा पक्का उपाय म्हणजे १८ मिलिमीटरची प्लायवूडची फळी, साधारण १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद. पुढच्या टोकाला पेडल बोल्टने बसवायची आणि मागच्या टोकावर बिनचाकांची खुर्ची पायांसकट ठेवायची. बसणाऱ्याचं वजनच फळी दाबून धरतं. खुर्चीच्या पायांमागे फळीवर एक आडवी पट्टी ठोकली की ती मागे सरकत नाही. पेडलखाली १० ते १५ अंशांचा उतार देणारं लाकूड लावलं तर घोट्याला आराम पडतो. सुताराकडे हे एका दिवसाचं काम आहे. बोल्टची लांबी मात्र मोजून घ्या. पेडलच्या तळाच्या भोकांत जास्त लांब बोल्ट पिळला तर तो आतल्या भागांना टेकतो आणि आवरण फुटतं.

ऑफिसचीच खुर्ची वापरायची असेल तर तिची चाकं उपटून त्या जागी स्थिर पाय बसवा, किंवा खुर्चीचा मधला खांब आणि पेडलची चौकट यांना जाड पट्ट्याने एकमेकांशी बांधा. पाय दाबतो तेव्हा दोन्ही एकमेकांना ओढून धरतात.

व्हील टेबलाला शिकंज्याने आवळायचं असेल तर टेबल बघा. भुशाच्या पार्टिकल बोर्डची कड काही महिन्यांत चेपते, आणि काचेच्या टेबलावर हा प्रयोग करूच नये. ५ न्यूटन-मीटरपर्यंतचं व्हील भक्कम लाकडी टेबल सहन करतं. त्यापुढे घडीचा व्हील स्टँडही डगमगतो आणि ॲल्युमिनियम प्रोफाइलची चौकट हाच खरा आधार उरतो. ४० बाय ४० आणि ४० बाय ८० मिलिमीटरचे हे खाचांचे दांडे कारखान्यांत यंत्रांभोवतीच्या जाळ्या आणि कन्व्हेयर उभारायला वापरतात. त्यामुळे पुणे, नाशिकसारख्या औद्योगिक शहरांत ऑटोमेशनचं सामान विकणाऱ्यांकडे ते मापाला कापून मिळू शकतात. पेडलच्या आडव्या दांड्याला ४० बाय ८० घ्या. ४० बाय ४० लोड सेलच्या जोराने वाकतो, आणि तो वाकला की ब्रेक पुन्हा स्पंजासारखा लागतो.

सीट जुन्या गाडीची चालते, रुळांसकट मिळाली तर उत्तम, कारण उंची वेगळी असणारे घरातले दोघं ती पुढेमागे करून वापरू शकतात. फक्त बाजूला एअरबॅग असलेली सीट घेऊ नका. त्यातली स्फोटक कुपी धोक्याची असते.

व्हील: न्यूटन-मीटर म्हणजे हाताला किती वजन

व्हीलची ताकद न्यूटन-मीटरमध्ये सांगतात. ती हाताच्या भाषेत अशी वाचा. २८ सेंटिमीटर व्यासाच्या रिमवर १ न्यूटन-मीटर म्हणजे कडेवर साधारण ७०० ग्रॅमची ओढ. जी२९ चं २ न्यूटन-मीटरच्या आसपासचं बळ म्हणजे दीड किलो. ५ न्यूटन-मीटर म्हणजे साडेतीन किलोच्या थोडं वर, ८ म्हणजे जवळपास सहा आणि १२ म्हणजे साडेआठच्या पुढे. अर्धा तास वळणावळणाला सहा किलोची पिशवी ओढल्यासारखं होतं, हे लक्षात घेतलं की मोठा आकडा म्हणजे चांगलं व्हील हा समज गळून पडतो.

फरक खरा पडतो तो मोटरची ताकद हातापर्यंत कशी येते यात. जी२९, जी९२० आणि जी९२३ मध्ये मधे गिअर आहेत. मेकॅनिक ज्याला प्ले म्हणतात तो मधोमध असतो, त्यामुळे सरळ रस्त्यावर व्हील थोडं सैल लागतं आणि कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून, जाताना खडखडतं. पण ही व्हील दणकट आहेत आणि पहिल्या वर्षाला पुरेशी आहेत. थ्रस्टमास्टरच्या टी३०० मध्ये पट्टा आहे. हालचाल मऊ आणि सलग, मात्र बारीक कंप पट्टा गिळून टाकतो आणि लांब शर्यतीत मोटर तापली की जोर उतरतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये रिम थेट मोटरच्या दांड्यावर बसते. मागचं चाक सुटायला लागल्याची चाहूल हातात आधी येते आणि गाडी सावरायला तेवढा वेळ मिळतो. फॅनाटेक सीएसएल डीडी ५ न्यूटन-मीटरचं आहे आणि वेगळा मिळणारा मोठा अडॅप्टर लावला की ८ होतं. मोझा आर५ साडेपाचचं आणि आर९ नऊचं आहे. घरच्या वापराला ५ ते ९ हा पट्टा बहुतेकांना आयुष्यभर पुरतो.

आता फोर्स फीडबॅकची, म्हणजे गेम व्हीलमधून हाताला जो जोर देतो त्याची, सर्वांत सामान्य चूक. लहान स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला की तो फाटतो. ढोलकी आणि टाळ वेगळे ऐकूच येत नाहीत. व्हीलचंही तसंच होतं आणि त्याला क्लिपिंग म्हणतात. गेमने मागितलेला जोर मोटरच्या कमाल मर्यादेपलीकडे गेला की पुढचं सगळं एकाच उंचीवर कापलं जातं. व्हील जड लागतं, पण टायर पकड सोडतोय की नाही ते कळत नाही. ताकद कमी असलेल्या व्हीलवर जास्त जोर हवा म्हणून गेन (जोराचं प्रमाण) वाढवणारे नेमके इथे फसतात. असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये पेडलचे पट्टे दाखवणाऱ्या छोट्या खिडकीत फोर्स फीडबॅकचाही पट्टा असतो. तो लाल झाला की क्लिपिंग. लांब वेगवान वळणात तो सतत लाल असेल तर गेन पाच-पाच टक्क्यांनी उतरवा. कर्बवर क्षणभर लाल होणं चालतं.

मिनिमम फोर्स ही सेटिंग गिअरच्या व्हीलचा मधला सैलपणा झाकण्यासाठी आहे. डायरेक्ट ड्राइव्हवर ती शून्य ठेवा, नाहीतर सरळ रस्त्यावर व्हील डावी-उजवीकडे थरथरतं. तरीही थरथर राहिली तर डॅम्पिंग (व्हीलच्या हालचालीला अडवणारी सेटिंग) थोडं वाढवा.

डायरेक्ट ड्राइव्हबद्दल एक इशारा मनापासून: गाडी भिंतीवर आदळते तेव्हा व्हील जोरात फिरतं. अंगठे रिमच्या आत, आऱ्यांमध्ये अडकवून धरू नका. टक्कर अटळ दिसली की हात सोडा. घरात लहान मुलं चालवणार असतील तर जोर ३० टक्क्यांवर आणा.

गिअर बदलायला बहुतेक शर्यतींच्या गाड्यांत व्हीलमागच्या पट्ट्या पुरतात. वेगळा एच-गिअर शिफ्टर जुन्या गाड्या किंवा ट्रक चालवायचे असतील तर, आणि हँडब्रेक रॅलीसाठी. दोन्ही नंतर घेता येतात.

पडदा: मोठा घेण्याआधी जवळ आणा

पडदा ही गाडीची काच आहे असं समजा. काचेतून जेवढा कोन दिसायला हवा तेवढाच गेमने दाखवला तर वळण किती लांब आहे याचा अंदाज बरोबर येतो. हा कोन म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू. पडद्याच्या रुंदीच्या निम्म्याला डोळ्यापासूनच्या अंतराने भागा, आलेल्या संख्येचा व्यस्त टॅन घ्या आणि दुप्पट करा. २७ इंची पडदा सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो. ७० सेंटिमीटरवरून तो ४६ अंश व्यापतो. तोच ५० सेंटिमीटरवर आणला की ६२ अंश. एक रुपया न घालता दृष्टीचा पल्ला तिसऱ्या हिश्शाने वाढला. म्हणून पडदा व्हीलच्या लगेच मागे, डोळ्यांच्या उंचीला हवा. असेटो कोर्सामध्ये भरायचा आकडा उभ्या कोनाचा असतो, तिथे रुंदीऐवजी उंची धरा. वरच्या उदाहरणात ५० सेंटिमीटरला तो ३७ अंश येतो. सुरुवातीला चित्र दुर्बिणीतून पाहिल्यासारखं अरुंद वाटेल. आठवडाभर तसंच चालवा, ब्रेकच्या खुणा जागेवर सापडू लागतील.

रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, याचा हिशोबही सोपा आहे. ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपंचावन्न मीटर. ६० हर्ट्झवर दोन चित्रांमध्ये गाडी ९३ सेंटिमीटर पुढे जाते, १४४ हर्ट्झवर ३९. त्यामुळे चित्रांच्या झगमगाटापेक्षा १४४ हर्ट्झचा साधा पडदा बरा. तो आणल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ निवडा. महिनोन्महिने ६० वरच चालणारे पडदे कितीतरी आहेत. टीव्ही वापरत असाल तर गेम मोड चालू करा, नाहीतर हात वळल्यावर गाडी उशिरा वळते.

कॉम्प्युटर: पिक्सेल मोजा

एक १०८० पी पडदा म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल. १४४० पी म्हणजे ३७ लाख, ३४४० बाय १४४० चा रुंद पडदा ५० लाख, तीन १०८० पी पडदे ६२ लाख, ४के ८३ लाख आणि तीन १४४० पी पडदे १ कोटी १० लाख. ग्राफिक्स कार्डचं काम याच प्रमाणात वाढतं. एका १०८० पी पडद्याला आरटीएक्स ३०६० किंवा आरएक्स ६६०० च्या तोडीचं कार्ड पुरतं. १४४० पी किंवा रुंद पडद्याला आरटीएक्स ४०७० च्या आसपास जा. तीन पडदे किंवा व्हीआर (डोळ्यांवर चढवायचा हेडसेट) हवं असेल तर त्याच्याही वर, आणि कार्डची मेमरी १२ जीबीपेक्षा कमी नको. पुढे तीन पडदे लावायचे ठरलेच असेल तर आजच मोठ्या पॉवर सप्लायचा डबा घ्या, कार्ड नंतर बदलता येईल.

गेमागणिकही फरक पडतो. २०१४ ची असेटो कोर्सा जुन्या कार्डवर छान पळते. त्याच मालिकेतल्या नंतरच्या असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने त्याच कार्डाला घाम फुटतो, विशेषतः पावसात आणि रात्री.

प्रोसेसरचा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. सिम्युलेटर प्रत्येक टायर, सस्पेन्शन आणि हवेचा दाब सेकंदाला शेकडो वेळा मोजतो. आयरेसिंग या ऑनलाइन सिम्युलेटरमध्ये हे ३६० वेळा होतं. हे काम बरंचसं एकामागून एक करावं लागतं, त्यामुळे १६ कोअर असण्यापेक्षा एक कोअर वेगवान असणं महत्त्वाचं. सहा ते आठ कोअर भरपूर झाले. एएमडीच्या एक्स३डी मालिकेतले प्रोसेसर, जसे ५८००एक्स३डी किंवा ७८००एक्स३डी, मोठ्या कॅशेमुळे (प्रोसेसरच्या आतल्या जलद मेमरीमुळे) या गेममध्ये उठून दिसतात. रॅम किमान १६ जीबी, जमल्यास ३२, आणि एका मोठ्या पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या. तयार कॉम्प्युटरमध्ये एकच पट्टी असेल तर मेमरीचा मार्ग निम्माच वापरला जातो आणि गर्दीत चित्र अडखळतं.

कॉम्प्युटर पुरतो का, हे एकट्याने फेऱ्या मारून कळत नाही. तीस गाड्यांच्या शर्यतीत शेवटून उभे राहा आणि सुरुवातीची पहिली दोन वळणं बघा. तिथे फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) कोसळला तर रिझोल्यूशन कमी करून पाहा. त्याने फरक पडला तर कार्ड कमी पडतंय. काहीच बदललं नाही तर प्रोसेसर अडलाय. मग दिसणाऱ्या गाड्यांची संख्या, आरशांची गुणवत्ता आणि सावल्या उतरवा. सरासरी १२० आणि मधेच ५० यापेक्षा अखंड ९० बरं. व्ही-सिंकने (चित्र पडद्याच्या गतीसाठी थांबवून ठेवणाऱ्या सेटिंगने) हाताचा प्रतिसाद मंदावतो, त्याऐवजी पडदा कार्डच्या गतीने चालवणारं फ्रीसिंक किंवा जी-सिंक चालू ठेवून फ्रेम रेट पडद्याच्या मर्यादेहून तीन-चारने कमी बांधा.

गेमिंग लॅपटॉप घरात असेलच तर त्यावर सुरुवात करा, मुद्दाम नवा घेऊ नका. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी बंद खोलीत लॅपटॉप तापून आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि तो नेमका शर्यतीच्या उत्तरार्धात.

वीज आणि यूएसबी

शर्यतीच्या मधोमध व्हील मेलं तर आधी यूएसबी बघा. व्हील आणि पेडल हबला न लावता कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टना थेट जोडा. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये पोर्टची वीज आपोआप तोडणारं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. धातूच्या चौकटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग नीट नाही. इलेक्ट्रिशियनकडून ते आधी करून घ्या, कारण याने धक्का बसतो आणि लोड सेलचा संकेतही थरथरतो.

घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॉट देतो. रेसिंगचा कॉम्प्युटर आणि पडदा मिळून तेवढं सहज खातात, त्यामुळे वीज गेली की तोही लगेच मान टाकतो. किमान १००० व्हीए घ्या. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर आधुनिक पॉवर सप्लाय बंद पडू शकतो, म्हणून साइन वेव्हचा हवा. व्हीलचा अडॅप्टर यूपीएसला न लावता स्पाइक गार्डवर लावा. मोटर क्षणात जास्त प्रवाह ओढते आणि त्याने यूपीएस बंद पडू शकतो.

जुनं व्हील घेताना

जी२९ आणि टी३०० जुन्यात भरपूर मिळतात आणि जुनं घेणं शहाणपणाचं आहे. विकणाऱ्याच्या घरी जाऊन, अडॅप्टरसकट जोडून बघा. वीज मिळताच व्हील स्वतःहून दोन्ही टोकांना फिरून मधे थांबलं पाहिजे. मधे थांबल्यावर रिम हलकेच डावी-उजवीकडे हलवा. जी२९ ला थोडा प्ले असायचाच, पण ठकठक आवाजासह बोटभर असेल तर गिअर झिजले आहेत. टी३०० वर दहा मिनिटं गेम चालवा आणि पंख्याचा आवाज येतो का ते ऐका. मग प्रत्येक पेडल अगदी हळू दाबत कॅलिब्रेशनचा पट्टा बघा. तो सलग सरकायला हवा. मधेच उडी मारत असेल तर पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ गेली आहे. कोकणात, गोव्यात दमट हवेमुळे हे लवकर होतं. पेडल उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला आणि ते वीस-तीस वेळा दाबलं की बहुधा सुधारतं. नाही सुधारलं तर पोटेन्शिओमीटर बदलावा लागतो, आणि त्याचा खर्च किमतीतून आधीच वजा करून घ्यावा.